बेंद्रे यांचा वर्ग
(जालना येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ही व्याख्यानमाला ज्या सरांच्या स्मृतीसाठी चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. तेव्हा या व्यासपीठावरून बोलायचं ते एका चित्रकला शिक्षकावरच, हे मी लगेच ठरवलं. आपल्याकडे ड्रॉइंग मास्तरांबद्दल एक समज पक्का आहे : ज्याला चित्रकार होणं जमलं नाही, तो शिक्षक झाला. वार्षिक परीक्षा जवळ आली की ड्रॉइंगचा तास गणिताला द्यायचा, गॅदरिंग आलं की पडदा रंगवायला सरांना बोलवायचं, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना 'सर उत्तम चित्रकारही होते' असं एक वाक्य म्हणायचं. मला हा समज मनापासून खटकतो. नारायण श्रीधर बेंद्रे यांचं आयुष्य त्याच्या नेमकं विरुद्ध साक्ष देतं.

बेंद्रे म्हटलं की अनेकांना कानडी कवी द. रा. बेंद्रे आठवतात. त्यांचीही घरची भाषा मराठीच. पण आपले बेंद्रे इंदूरचे. जन्म २१ ऑगस्ट १९१०. पद्मश्री १९६९ साली, ललित कला अकादमीची फेलोशिप १९७४ साली, मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान नंतर, आणि पद्मभूषण १९९२ साली, म्हणजे निधनाच्या काही आठवडे आधी. मानसन्मानांची ही यादी इथेच संपवतो. मला बोलायचं आहे ते त्यांच्या शिकण्याबद्दल आणि शिकवण्याबद्दल. माझं म्हणणं असं आहे की बेंद्रे यांची चित्रकला त्यांच्या वर्गाने घडवली. शिकवलं नसतं, तर ते चांगले चित्रकार झाले असतेच. पण ज्या बेंद्रे यांना आपण ओळखतो, ते झाले नसते.

सुरुवात त्यांच्या शिक्षकांपासून केली पाहिजे. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर हे नाव महाराष्ट्रात फारसं घेतलं जात नाही, आणि ही आपली मोठी उपेक्षा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या मराठी माणसाने होळकरांच्या इंदुरात १९२७ साली चित्रशाळा उभी केली. त्यांच्या हाताखालून कोण कोण गेलं पाहा : बेंद्रे, दे. ज. जोशी, सोलेगावकर, विष्णू चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन. एका संस्थानी गावातल्या, एका मास्तरांच्या शाळेतून एवढी माणसं निघाली.

देवळालीकर मुलांना मुंबईच्या डिप्लोमा परीक्षेला बसवत, म्हणजे अभ्यासक्रम जे. जे. चाच होता. वेगळं होतं ते वातावरण. इंदूरची मुलं रंगपेटी घेऊन बाहेर पडत. बाजार, घाट, जुने वाडे, उन्हातल्या गल्ल्या यांची चित्रं जागेवर बसून करत, जाड अपारदर्शक जलरंगात, मोठ्या मोकळ्या फटकाऱ्यांनी. १९३० च्या दशकात ही चित्रं मुंबईच्या प्रदर्शनांत लागली तेव्हा समीक्षकांना त्यांत काहीतरी निराळं दिसलं आणि 'इंदूर स्कूल' असं नावच पडलं. ब्रिटिश मास्तरांच्या काटेकोर शिस्तीत वाढलेल्या मुंबईला संस्थानातल्या पोरांनी रंग कसा सैल सोडायचा ते दाखवलं. बेंद्रे यांना १९३४ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक मिळालं, १९४१ साली सुवर्णपदक.

याच काळातली हुसेन यांची गोष्ट सांगतो, कारण तीत बेंद्रे पहिल्यांदा शिक्षक म्हणून दिसतात, वर्ग नसताना. हुसेन पंढरपूरला जन्मले आणि लहानपणी वडिलांबरोबर इंदूरला आले. रस्त्यात उभं राहून चित्र काढणारे बेंद्रे त्यांना भेटले. बेंद्रे यांनी या मुलाचं काम पाहिलं, आणि त्याच्या वडिलांची भेट घेऊन त्याला चित्रकार होऊ द्या असं सांगितलं. हुसेन यांनी पुढे आयुष्यभर हा उपकार सांगितला. वडिलांची नोकरी साधी, घरात पैसा नाही, अशा घरात जाऊन 'मुलाला चित्रकलेला पाठवा' म्हणणं किती अवघड असतं, हे इथे बसलेल्या प्रत्येक ड्रॉइंग टीचरला माहीत आहे. दहावीला चांगले मार्क पडलेल्या मुलीच्या वडिलांना आपण ते सांगतो तेव्हा समोरून येणारी शांतताही आपल्या ओळखीची आहे. बेंद्रे तेव्हा स्वतःच तरुण होते. पुढे १९५५ साली ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत हुसेन यांचं 'जमीन' होतं आणि बेंद्रे यांचं 'काटा'. इंदूरच्या रस्त्यावर भेटलेली दोन माणसं वीसेक वर्षांनी एकाच यादीत आली.

इंदूरवरून मला नेहमी तैवान आठवतो. तोही तेव्हा परक्या सत्तेखाली, जपानच्या राज्यात होता. इशिकावा किनिचिरो नावाचे जपानी जलरंगकार तिथल्या शिक्षक प्रशिक्षण शाळेत शिकवत. प्राथमिक शिक्षक व्हायला आलेल्या मुलांना ते रंग घेऊन उघड्यावर नेत. त्यांतला चेन चेंग-पो चियायी या गावचा. त्याने काही वर्षं शाळेत मास्तरकी केली, मग तोक्योच्या कलाशाळेत गेला. १९२६ साली त्याच्या गावच्या रस्त्याचं तैलचित्र जपानच्या शाही प्रदर्शनात निवडलं गेलं. तैवानी माणसाच्या तैलचित्राला तो मान पहिल्यांदाच मिळाला. पुढे त्याने शांघायला कलाशाळांत शिकवलं. जपानी राजवट संपल्यावर, १९४७ च्या दडपशाहीत गावकऱ्यांच्या वतीने बोलणी करायला गेलेल्या या चित्रकाराला चियायीच्या रेल्वे स्टेशनसमोर गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या शेवटाची आणि बेंद्रे यांच्या शांत आयुष्याची तुलना होऊ शकत नाही. मला साम्य दिसतं ते सुरुवातीत. परकी सत्ता, परकी शैली, लहान गाव, आणि मुलांना बाहेर नेऊन 'तुझा रस्ता काढ' म्हणणारा एक शिक्षक. चित्राचं तंत्र लांबून आलेलं असलं तरी समोरचा रस्ता आपलाच असतो, आणि तिथून पुढचं सगळं सुरू होतं.

पुन्हा बेंद्रे यांच्याकडे. १९३६ ते ३९ ते काश्मीरमध्ये होते, संस्थानाच्या पर्यटन खात्यात चित्रकार-पत्रकार म्हणून. नोकरीच निसर्गचित्रं करण्याची. नाव झालं होतं, पदकं होती, चित्रं विकली जात होती. अशा वेळी बहुतेक चित्रकार आपली चालती शैली धरून बसतात. बेंद्रे १९४५ साली शांतिनिकेतनला गेले. नंदलाल बोस, रामकिंकर बैज, बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या सहवासात राहिले. मुंबईचे आणि बंगालचे चित्रकार तेव्हा एकमेकांना नाकं मुरडत, त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. मग १९४७-४८ मध्ये अमेरिका. न्यूयॉर्कला त्यांचं प्रदर्शन झालं, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच : सुवर्णपदक मिळवलेला हा सदतीस वर्षांचा माणूस तिथल्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये आर्मिन लँडेक यांच्याकडे मुद्राचित्रण शिकायला विद्यार्थी म्हणून बसला.

आणि मग बडोदा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

बडोदा म्हणजे सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा राजा झाला, आणि त्याने १८९० साली कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. या भूमीवर १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. हंसा मेहता कुलगुरू होत्या. पुढच्याच वर्षी, १९५० साली, ललित कला शाखा सुरू झाली. चित्रकलेला विद्यापीठाची पदवी मिळणं ही तेव्हा भारतात नवी गोष्ट होती. तोवर चित्रकला म्हणजे डिप्लोमा, हुन्नर, सरकारी परीक्षा. इथे चित्रकलेचा विद्यार्थी विद्यापीठाचा विद्यार्थी झाला, त्याच्या अभ्यासात कलेचा इतिहास आला, वादविवाद आला. मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता. शिल्पकलेला रामकिंकर यांचे शिष्य शंखो चौधुरी. लवकरच शांतिनिकेतनचेच के. जी. सुब्रमण्यन आले. आणि चित्रकला विभागाची सूत्रं बेंद्रे यांच्याकडे. वय चाळीस.

आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवतो. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं आणि नंतर हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बडोदा आधीपासून त्यातच होतं. म्हणजे १ मे १९६० पर्यंत, बडोद्याच्या ऐन बहराच्या काळात, जालना आणि बडोदा एकाच राज्यात होते. तरीही आपल्याकडची चित्रं काढणारी मुलं तिकडे गेली नाहीत, कारण तिकडे काय चाललंय ते आपल्यापर्यंत पोहोचलंच नाही. ही खंत मला आजही वाटते.

बेंद्रे वर्गात शिकवत ते मुख्यतः स्वतः काम करून दाखवून. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत हा हात वारंवार येतो. प्रचंड सफाई, रंगावर हुकमत, कोणतंही माध्यम सहज. आता यात एक धोका आहे, आणि तो शिक्षकांना चटकन कळेल. ज्या मास्तरांचा हात इतका चांगला, त्यांच्या वर्गातली मुलं हमखास मास्तरांसारखं काढायला लागतात. मुलाला ते सोपं जातं, मास्तरांना ते सुखावतं, आणि प्रदर्शनात 'अमुक सरांचा विद्यार्थी' लगेच ओळखू येतो. आपण याला परंपरा म्हणतो. पुष्कळदा तो फक्त ठसा असतो.

बडोद्यातल्या त्या पिढीची नावं घ्या. ज्योती भट्ट : मुद्राचित्रं, आणि पुढे गुजरात-राजस्थानातल्या भिंतींवरच्या, अंगणातल्या लोककलेची आयुष्यभराची छायाचित्रं. शांती दवे : मोठ्या आकाराचं अमूर्त काम. गुलाम मोहम्मद शेख : कथा सांगणारी, लघुचित्रांशी नातं जोडणारी चित्रं, शिवाय गुजराती कविता. रतन परिमू : चित्रकार आणि कला-इतिहासकार. हिंमत शाह : मातीतून घडवलेली मुंडकी. गुलाम रसूल संतोष : काश्मीरहून आले आणि पुढे तंत्रचित्रांकडे वळले. हकू शाह, विवान सुंदरम. यांची चित्रं शेजारी शेजारी लावली तर एक गुरू शोधून काढता येणार नाही. बेंद्रे यांचा विद्यार्थी बेंद्रे यांच्यासारखा दिसत नाही. शिक्षकाची याहून मोठी पुण्याई मला माहीत नाही.

हे कसं घडलं? एक कारण सहकाऱ्यांचं. सुब्रमण्यन यांच्यासारखा वेगळ्या विचाराचा माणूस त्याच आवारात होता आणि मुलांना दोन्ही कानांनी ऐकता येत होतं. पण मला मुख्य कारण वेगळं वाटतं. नक्कल करावी अशी एक ठरलेली शैली बेंद्रे यांच्याकडे त्या काळात नव्हतीच. इंप्रेशनिझम त्यांना इंदूरपासून अवगत होता. वर्गात आधुनिक चित्रकलेचे प्रश्न आले तसा त्यांनी क्यूबिझम हातात घेतला, मग अमूर्ताकडे गेले. मुलांसमोर एक एक प्रश्न मांडायचा तर तो आधी स्वतःच्या कॅनव्हासवर मांडून पाहायचा, ही त्यांची रीत. १९५५ चं 'काटा' याच काळातलं. पायात रुतलेला काटा हा तुमच्या-माझ्या गावातला रोजचा विषय. रचना मात्र कोनांची, आकार सपाट पातळ्यांत बांधलेले. पाश्चात्त्य व्याकरण शिकून आपलं वाक्य कसं म्हणता येईल, याचं ते वर्गात दाखवण्यासारखं उदाहरण आहे, आणि तरीही चित्र म्हणून ते ताठ उभं आहे. १९५६ साली त्यांच्या पुढाकाराने 'बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स' स्थापन झाला. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी यांची चित्रं एकाच भिंतीवर लागली. १९५९ साली ते अधिष्ठाता झाले.

नकलेचा विषय निघालाच आहे तर अजिंठ्याकडे वळतो. भोकरदन ओलांडून सिल्लोड तालुक्यात शिरलं की अजिंठा दूर नाही. मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून उतरले. त्यांच्याही कित्येक प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. वर्षानुवर्षांची मेहनत दोनदा राख झाली. पण ग्रिफिथ्स यांच्याबरोबर त्या लेण्यांत उभे राहिलेले पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी पुढे स्वतःच्या नावाचे चित्रकार झाले. तेव्हा नक्कल करून मूल बिघडतं असं मी म्हणणार नाही. नक्कल करताना त्याने काय पाहिलं, यावर सगळं आहे. आपल्या रेखाकला परीक्षांचंही तसंच आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं वस्तुचित्र म्हणजे माठ, दोन मोसंबी आणि मागे पडदा. सरांनी फळ्यावर मोसंबीची छाया कुठे पडते ते काढून दिलं तर श्रेणी मिळते. सरांनी मोसंबी खिडकीजवळ ठेवून 'छाया कुठे आहे ते मला सांग' म्हटलं, तरी श्रेणी मिळतेच, आणि त्या मुलाला पुढे आयुष्यभर उन्हात पडलेल्या वस्तू वेगळ्या दिसतात. जालन्याच्या मोसंबीला एवढा मान द्यायला हरकत नसावी.

बेंद्रे यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. त्यांची स्वतःची अशी शैली कोणती? आज इंप्रेशनिस्ट, उद्या क्यूबिस्ट, परवा अमूर्त. हुसेन यांची रेषा किंवा चित्रकार गायतोंडे यांचा पृष्ठभाग दुरून ओळखू येतो, तसं बेंद्रे यांचं त्या वर्षांतलं काम ओळखू येत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण तो घेणारे चित्रकार बेंद्रे यांनाच मोजतात. वर्ग चालवणाऱ्या माणसाला एका शैलीत स्थिरावणं परवडत नाही. दरवर्षी नवी मुलं येतात, आणि त्यांच्या प्रश्नांना गेल्या वर्षीचं उत्तर पुरत नाही.

१९६६ साली बेंद्रे यांनी बडोदा सोडलं आणि ते मुंबईला आले. पुढची पंचवीस वर्षं ते पूर्ण वेळ चित्रकार होते. अमूर्त मागे पडलं. ठिपक्याठिपक्यांनी रंग मांडण्याची पद्धत आली. खेड्यातल्या बायका, डोक्यावर ओझं, गुरं, झाडं, बाजार. हीच चित्रं घराघरांत, कॅलेंडरांवर, लिलावांत प्रसिद्ध झाली. आणि आता, पाहा, शैली ओळखू येऊ लागली. दुरूनसुद्धा.

ही चित्रं मी आदराने पाहतो. रंगाची जाण शेवटपर्यंत विलक्षण राहिली. अनेक चित्रांत पिवळा आणि जांभळा असे काही शेजारी बसतात की उन्हाची ऊब जाणवते. पण मला ती चित्रं फार लवकर गोड होतात असंही वाटतं. 'काटा'मध्ये जो खडा आहे, बोटाला लागणारा, तो इथे विरघळतो. त्यांतली बाई कष्ट करते, पण तिला घाम येत नाही. शैली नसण्याचा आक्षेप ज्यांनी घेतला त्यांना शैली मिळाली, आणि त्याच वेळी शोध थांबला. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. समोर प्रश्न विचारणारा वर्ग राहिला नाही. चित्र घ्यायला येणारा माणूस आधीचंच चित्र पुन्हा मागतो. चित्र शिकायला येणारा मुलगा मात्र तुम्हाला जे येत नाही तेच विचारतो. बेंद्रे यांच्या आयुष्याच्या या दोन भागांत मला हाच फरक दिसतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता ज्यांच्यासाठी मी बोलतोय त्या शिक्षकांकडे वळतो. तुमच्यापैकी बहुतेक जण ए. टी. डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी खासगी कला महाविद्यालयांत शिकून शाळेत रुजू झालात. तेव्हा तुमच्याकडे चित्रं होती. मग नोकरी, शालाबाह्य कामं, निवडणुका, जनगणना, फलकलेखन. दोन-तीन वर्षांत स्वतःचं चित्र थांबतं. थांबलं की आपणही तोच समज खरा मानू लागतो : मी आता चित्रकार राहिलो नाही, मी शिक्षक आहे. बेंद्रे यांच्याकडून घ्यायचं ते इथे घ्या. त्यांनी शिकवण्यासाठी चित्र थांबवलं नाही. वर्गात उठलेला प्रश्न ते संध्याकाळी घरी नेत आणि कॅनव्हासवर सोडवत. तुमच्या आठवीच्या वर्गातला एखादा मुलगा आकाश हिरवं रंगवतो तेव्हा त्याला लाल शाईची फुली देण्याआधी, हिरव्या आकाशाचं एक चित्र स्वतः करून पाहा. कदाचित ते जमणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी तुम्ही वेगळं बोलाल.

आणि आयोजकांना एक विनंती आहे, ती जाहीरपणे करतो, म्हणजे नाही म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षापासून या व्याख्यानाच्या दिवशी याच सभागृहाच्या बाहेर जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांची स्वतःची चित्रं लावा, विद्यार्थ्यांच्या चित्रांच्या शेजारी, बडोदा ग्रुपने लावली तशी. बक्षीस नको, परीक्षक नकोत, श्रेणी तर नकोच. चित्राखाली नाव, शाळा आणि साल एवढं पुरे. मांडणीसाठी दोन दिवस आधी येण्याची माझी तयारी आहे, आणि लोखंडी स्टँड लागतील ते पोलादाच्या या गावात मिळतीलच.